केनियाचं मोम्बासा बंदर चीनकडे गहाण पडलंय का?

‘रेल्वेचं कर्ज थकलं की मोम्बासा बंदर चीनचं’ हा दावा २०१८ पासून फिरतोय. तो चुकीचा आहे.

मोम्बासा–नैरोबी रेल्वेसाठी २०१४ साली चीनच्या सरकारी एक्झिम (निर्यात-आयात) बँकेकडून सुमारे ३.२ अब्ज डॉलर घेतले ते केनिया सरकारने. बंदर प्राधिकरण कर्जदार नाहीच. पण महालेखापरीक्षकांच्या कार्यालयातून फुटलेल्या पत्रात त्यालाच कर्जदार धरलं होतं आणि सार्वभौम संरक्षण सोडण्याचं कलम म्हणजे जणू गहाणखत, असा अर्थ निघाला. वास्तविक ते कलम एवढंच सांगतं की तंटा लवादात गेला, तर ‘सरकारवर दावा चालत नाही’ ही ढाल वापरता येणार नाही. परदेशी कर्जांत हे कलम सर्रास असतं.

खरी मेख दुसऱ्याच करारात आहे, आणि तिच्याबद्दल फार कमी बोललं जातं. प्राधिकरणाने रेल्वेला ठरावीक माल पुरवण्याची हमी दिली होती. कमी पडला तर फरक भरायचा. मग मोम्बासा बंदरातल्या किलिंदिनीच्या धक्क्यावर उतरलेले कंटेनर सक्तीने रेल्वेवर चढू लागले आणि त्यांची सीमाशुल्क तपासणी नैरोबीच्या एम्बाकासी डेपोत होऊ लागली. मोम्बासातले ट्रकवाले, गोदामवाले, क्लिअरिंग एजंट यांचा धंदा बसला. सप्टेंबर २०२२ मध्ये राष्ट्राध्यक्ष रुटो यांनी ही सक्ती उठवली.