चिनी माध्यमिक शाळांतील इंग्रजीचा सराव

चीनमधील सातवी ते बारावीचे विद्यार्थी इंग्रजी व्याकरण, शब्दसंग्रह आणि वाचन यांचा जो रोजचा, बहुतांशी लेखी सराव करतात, त्याविषयीची ही नोंद. पहिली तीन वर्षे कनिष्ठ माध्यमिकची. त्यांच्या शेवटी ‘झोंगकाओ’ ही परीक्षा होते आणि पुढे सामान्य शाळेत जायचे की व्यावसायिक, हे तिच्यावर ठरते. नंतरची तीन वर्षे उच्च माध्यमिकची. त्यांच्या शेवटी ‘गाओकाओ’ ही विद्यापीठ प्रवेशाची परीक्षा. इंग्रजी तिसरीपासून शिकवावी असे धोरण २००१ मध्ये आले. मोठ्या शहरांत ती त्याही आधी सुरू होते. पण सरावाला खरी धार चढते ती माध्यमिक शाळेत, आणि ती परीक्षेमुळेच. अभ्यासक्रमात काहीही लिहिलेले असो, प्रश्नपत्रिकेत जे विचारतात तेच वर्गात घोटले जाते.

चीनमध्ये सरकारी पातळीवर इंग्रजी शिकवणे सुरू झाले ते १८६२ मध्ये. बीजिंगला दुभाषे तयार करण्यासाठी ‘थोंगवेनग्वान’ ही शाळा निघाली, तेव्हाची ही गोष्ट. १९५० च्या दशकात सोव्हिएत मैत्रीमुळे रशियन पुढे आली आणि इंग्रजी मागे पडली. सांस्कृतिक क्रांतीत बंद पडलेली गाओकाओ १९७७ मध्ये पुन्हा सुरू झाली. त्यानंतर इंग्रजीच्या गुणांचे वजन वर्षागणिक वाढवत नेले आणि १९८३ पासून तिचे पूर्ण गुण धरले जाऊ लागले. आज एकूण ७५० पैकी चिनी, गणित आणि परकी भाषा यांना प्रत्येकी १५० गुण असतात. परकी भाषा म्हणून जपानी, रशियन, जर्मन, फ्रेंच किंवा स्पॅनिशही घेता येते. इंग्रजीत कच्ची असलेली बरीच मुले उच्च माध्यमिकमध्ये आल्यावर जपानीकडे वळतात. जपानी लिपीत चिनी अक्षरे भरपूर असल्याने अर्धा डोंगर चढून झाल्यासारखे वाटते, हे त्यामागचे सरळ कारण.

प्रश्नपत्रिका १२० मिनिटांची. नव्या आराखड्यात श्रवणाला ३० गुण, वाचनाला ५०, उताऱ्यातील गाळलेल्या शब्दांना १५, व्याकरणाच्या रिकाम्या जागांना १५ आणि लेखनाला ४० गुण आहेत. संभाषणाला यात एकही गुण नाही; काही प्रांतांत त्याची वेगळी चाचणी होते, एवढेच. वाचता-लिहिता येणारी पण समोर परदेशी माणूस आला की गप्प होणारी पिढी यातूनच तयार झाली. तिच्या इंग्रजीला चिनी लोक ‘याबा यिंग्यू’, म्हणजे मुकी इंग्रजी, म्हणतात. श्रवणाच्या वेळी परीक्षा केंद्राभोवती हॉर्न वाजवायला बंदी असते आणि बांधकामे थांबवली जातात, यावरून त्या १५० गुणांना घराघरांत काय मोल आहे ते कळते.

सरावाचे व्याकरण समजून घ्यायचे तर आधी चिनी भाषेकडे पाहायला हवे. चिनी क्रियापद काळानुसार, पुरुषानुसार किंवा वचनानुसार बदलत नाही. ‘काल’, ‘उद्या’ असे शब्द आणि ‘ल’, ‘क्वो’ यांसारखे छोटे प्रत्यय त्याचे काम भागवतात. नामाला सहसा अनेकवचन नसते आणि आर्टिकल तर नसतेच. ‘तो’ आणि ‘ती’ लिहायला वेगळे, पण बोलताना दोन्हींचा उच्चार एकच. त्यामुळे उत्तम इंग्रजी बोलणारा चिनी माणूसही आपल्या बायकोचा उल्लेख अधूनमधून इंग्रजी ‘ही’, म्हणजे ‘तो’, असा करून जातो. ‘जरी… तरी’ आणि ‘कारण… म्हणून’ अशा जोड्या चिनीत दोन्ही टोकांना लागतात. म्हणून ‘ऑल्दो’ने सुरू झालेल्या वाक्याच्या मध्यात ‘बट’ येतेच. ही चूक मराठी मुलांच्या वह्यांतही सापडते, आणि कारणही तेच आहे.

सर्वांत अवघड ठरते ते दुय्यम क्रियारूप. चिनीत एकाच कर्त्याची क्रियापदे नुसती एकापाठोपाठ ठेवता येतात: ‘तो उघड दार बाहेर जा’. इंग्रजीत यातले एकच क्रियापद मुख्य राहते आणि बाकीच्यांना वेष बदलावा लागतो. मराठी मुलाला ‘उघडून’, ‘उघडताना’, ‘उघडायला’ ही रूपे घरातच मिळालेली असल्यामुळे मुख्य आणि दुय्यम क्रियापद हा भेद त्याला वेगळा शिकवावा लागत नाही. चिनी वर्गात मात्र इथपासूनच सुरुवात होते. व्याकरणाच्या प्रश्नात सुमारे २०० शब्दांचा उतारा असतो आणि त्यात दहा जागा रिकाम्या असतात. सहा-सात जागांपुढे कंसात मूळ शब्द दिलेला असतो, उरलेल्या जागी काहीच नसते. क्रियापद दिले असेल तर मुलाने स्वतःला पहिला प्रश्न विचारायचा: या वाक्याला मुख्य क्रियापद आधीच आहे का? नसेल तर काळ, प्रयोग आणि कर्त्याशी मेळ पाहायचा. असेल तर ‘टू’, ‘आयएनजी’ किंवा भूतकालवाचक धातुसाधित यांपैकी एक निवडायचे. काहीच दिलेले नसेल तर तिथे आर्टिकल, शब्दयोगी अव्यय, सर्वनाम किंवा उभयान्वयी अव्यय बसते. ही पायरीवार पद्धत मुले इतकी गिरवतात की उतारा कशाविषयी होता हे पुष्कळदा त्यांना सांगता येत नाही. उतारे बहुधा चिनी संस्कृतीवरचे असतात: चहा, बागा, राष्ट्रीय उद्याने. त्यामुळे मजकूर ओळखीचा वाटतो आणि सगळे लक्ष रूपांकडे देता येते.

पूर्वी सुट्या वाक्यांवरचे बहुपर्यायी व्याकरणप्रश्न असत. ते राष्ट्रीय प्रश्नपत्रिकेतून गेले आणि उताऱ्यातील चुका दुरुस्त करण्याचा प्रश्नही नव्या आराखड्यात उरला नाही. हा बदल चांगलाच म्हणायला हवा. सुट्या वाक्यात अचूक ठरलेले रूप उताऱ्यात चुकीचे ठरू शकते, हे निदान आता मुलांना कळते.

शब्दसंग्रहाचे आकडे सरकारने ठरवून दिलेले आहेत. नववीच्या अखेरीस सुमारे १६०० शब्द अपेक्षित असतात. उच्च माध्यमिकच्या २०१७ च्या अभ्यासक्रमानुसार सक्तीच्या भागाअखेर सुमारे २००० आणि विद्यापीठाच्या वाटेवर असणाऱ्यांसाठी ३००० हून थोडे अधिक. आकडा छोटा वाटतो, पण यादीतला शब्द यादीतल्याच अर्थाने येईल याची हमी नसते. ‘ॲड्रेस’ म्हणजे पत्ता हे सातवीतच पाठ होते. बारावीच्या उताऱ्यात मात्र तो एखादा प्रश्न हाताळण्याच्या अर्थाने येतो. ओळखीचा शब्द आणि अनोळखी अर्थ अशा जोड्यांच्या वेगळ्या याद्या शिक्षक वाटतात. शब्दांच्या सगळ्या अभ्यासात हा भाग सर्वांत उपयोगाचा आहे.

पाठांतराच्या युक्त्यांना तोटा नाही. सकाळी पहिल्या तासाआधी ‘झाओदू’, म्हणजे प्रभातवाचन, असते. सगळा वर्ग एकाच वेळी मोठ्याने शब्द आणि धडे म्हणतो आणि त्या गोंगाटात प्रत्येकाला स्वतःचा आवाज ऐकू यावा लागतो. ध्वनिसाम्यावर चालणारी विनोदी पद्धतही आहे. ‘ॲम्ब्युलन्स’साठी ‘आन बू नंग स्स’, म्हणजे ‘मला मरून चालणार नाही’. ‘इकॉनॉमी’साठी ‘यी-खाओ नोंगमिन’, म्हणजे ‘शेतकऱ्यांवर भिस्त’. अर्थ जन्मभर लक्षात राहतो, उच्चार मात्र कायमचा बिघडतो; म्हणून चांगले शिक्षक या वाटेला जात नाहीत आणि धातू, उपसर्ग, प्रत्यय यांवर भर देतात. शब्दसूची वर्णानुक्रमाने लावलेली असेल तर सुरुवातीलाच ‘अबॅन्डन’, म्हणजे सोडून देणे, हा शब्द भेटतो. दर सत्रात नव्या निश्चयाने पहिल्या पानापासून सुरुवात करणाऱ्यांना तेवढा एकच शब्द पक्का येतो, हा चिनी विद्यार्थ्यांचा आवडता विनोद आहे.

उजळणीचे वेळापत्रक जर्मन मानसशास्त्रज्ञ हेर्मान एबिंगहाउस यांच्या विस्मरणाच्या आलेखावर बेतलेले असते. १८८५ मध्ये प्रसिद्ध झालेले त्यांचे प्रयोग त्यांनी स्वतःवरच, तेही निरर्थक अक्षरगटांवर केले होते. चिनी शब्दकोशिकांमध्ये मात्र पहिल्या, दुसऱ्या, चौथ्या, सातव्या आणि पंधराव्या दिवशी उजळणी असे तक्ते ठाम नियमासारखे छापतात. अंतर ठेवून केलेली उजळणी फलदायी असते हे खरे. नेमका सातवाच दिवस का, याला तसा आधार नाही. ‘बाईत्सझान’, ‘मोमो’ यांसारखी मोबाइल ॲप हेच काम आपोआप करतात. पहिले चित्रांवर चालते, दुसरे विस्मरणाच्या हिशेबावर. अनेक शाळांत मोबाइलला बंदी असल्यामुळे निवासी विद्यार्थ्यांच्या खिशात अजून कागदी वहीच असते.

वाचनाच्या भागात चार उतारे असतात. पहिला बहुधा जाहिरात किंवा माहितीपत्रक, शेवटचा विज्ञान किंवा समाजविषयक लेख. इंग्रजी वृत्तपत्रे-मासिकांतला मजकूर बेतून ते तयार केले जातात. त्यानंतर ‘सातातून पाच’ हा प्रश्न: उताऱ्यातील पाच गाळलेल्या वाक्यांसाठी सात पर्याय. दोन वाक्यांमधला धागा ओळखता येतो का, हे याच प्रश्नात कळते. पण खरी झुंज लांब वाक्यांशी असते. चिनीत नामाचे विशेषण, मग ते कितीही लांब असो, नामाच्या आधी येते; मराठीतील ‘काल गावाहून आलेला माणूस’ यासारखे. इंग्रजीत माणूस आधी येतो आणि त्याची हकीकत मागून. तेव्हा नाम धरून ठेवून पुढे वाचत राहण्याची सवय लावावी लागते. यासाठी मुले पेन्सिलने उपवाक्ये कंसात टाकतात आणि मुख्य क्रियापदाखाली रेघ ओढतात. पद्धत रुक्ष आहे, पण तिने वाचता येते. तिच्या शेजारी नांदणारी तोडग्यांची परंपरा मात्र निव्वळ भाकड आहे. ‘तीन लांब, एक आखूड, तर आखूड निवड, तीन आखूड, एक लांब, तर लांब निवड’ हे पर्याय निवडण्याचे गाणे चीनमध्ये सर्वांना पाठ असते. प्रश्न काढणाऱ्यांनाही ते पाठ असते, त्यामुळे त्याचा उपयोग शून्य.

या सगळ्या कसरतीला ‘शुआ-थी’, म्हणजे प्रश्न घासणे, असे नाव आहे, आणि अति झाले की ‘थी-हाई’, प्रश्नांचा सागर. रात्रीच्या स्वाध्यायाच्या तासांत मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका सोडवल्या जातात. चुकलेले प्रश्न कापून वेगळ्या वहीत चिकटवायचे आणि शेजारी कारण लिहायचे, ही चुकांची वही बहुतेक शाळांत सांभाळली जाते. मनापासून ठेवली तर शंभर नवे प्रश्न सोडवण्यापेक्षा ती अधिक शिकवते. पण पुष्कळ मुले ती रंगीत पेनांनी सजवतात आणि पुन्हा उघडत नाहीत.

लेखनातला पहिला प्रश्न पत्र किंवा सूचनेचा, सुमारे ८० शब्दांचा. ‘समज, तू ली हुआ आहेस’ अशी त्याची सुरुवात ठरलेली. उत्तरपत्रिकेत खरे नाव येऊ नये म्हणून हा ली हुआ. तो वर्षानुवर्षे परदेशी मित्रांना कागदकामाच्या प्रदर्शनाला बोलावतो, कधी सल्ला देतो, कधी दिलगिरी कळवतो. १९९० च्या दशकातील पाठ्यपुस्तकांतले ली लेइ आणि हान मेइमेइ त्या पिढीला जसे आठवतात, तसाच हा आजच्या पिढीचा सोबती. उत्तरपत्रिका स्कॅन करून संगणकाच्या पडद्यावर तपासल्या जातात, म्हणून अक्षरालाही महत्त्व आले. हबेई प्रांतातील हंगश्वे माध्यमिक शाळेच्या नावाने ओळखले जाणारे, छापल्यासारखे गोल आणि उभे इंग्रजी अक्षर देशभर गिरवले जाते आणि त्याच्या सराववह्या विकल्या जातात.

दुसरा लेखनप्रश्न अधिक रसाचा आहे. सुमारे ३५० शब्दांची अर्धवट गोष्ट वाचायची आणि दिलेल्या दोन ओळींपासून दोन परिच्छेद लिहून, सुमारे १५० शब्दांत, ती पुरी करायची. याला २५ गुण. ग्वांगदोंगमधील भाषाशास्त्रज्ञ वांग चूमिंग यांनी हा विचार मांडला: वाचलेल्या मजकुराला जोडून लिहिताना विद्यार्थी मूळ लेखकाची वाक्यरचना नकळत उचलतो. गाओकाओत हा प्रश्न प्रथम आला तो झेजियांग प्रांतात, २०१६ मध्ये. वाचन, शब्द आणि व्याकरण यांची गाठ खरोखर पडते ती इथेच. अर्थात बाजारानेही त्यावर तोडगा काढला. राग, भीती, आनंद, पश्चात्ताप यांची तयार वाक्ये भावनेनुसार लावून विकली जाऊ लागली. त्यामुळे कुत्रा हरवलेला असो वा शर्यत जिंकलेली असो, असंख्य गोष्टींत डोळ्यांत त्याच शब्दांनी पाणी दाटते आणि शेवटी सूर्यकिरण खांद्यावर पडतात.

गुणांच्या बाबतीत पालक किती हळवे आहेत हे झेजियांगमध्येच २०१८ मध्ये दिसले. तेथे इंग्रजीची परीक्षा वर्षातून दोनदा होते. नोव्हेंबरची प्रश्नपत्रिका कठीण गेली म्हणून काही प्रश्नांचे गुण परस्पर भारांकित करण्यात आले. गदारोळ झाला, निर्णय रद्द झाला आणि प्रांताच्या शिक्षणप्रमुखांना पद सोडावे लागले. इंग्रजीचे वजन कमी करावे ही मागणीही जुनीच. बीजिंगने २०१३ मध्ये १५० चे १०० गुण करण्याचा मसुदा मांडला होता. तो तसा अमलात आला नाही. जुलै २०२१ च्या ‘दुहेरी कपात’ धोरणाने नववीपर्यंतच्या मुलांसाठी शालेय विषयांच्या नफेखोर शिकवण्या बंद केल्या आणि इंग्रजीच्या बड्या क्लासचालकांचा धंदा बसला. सराव थांबला नाही. ज्यांना परवडते त्यांच्याकडे तो खासगी शिक्षकांच्या रूपाने घरात शिरला आणि खेड्यातल्या मुलाशी त्यांचे अंतर वाढले.

मुख्य भूमीबाहेरची तऱ्हा वेगळी आहे. तैवानमध्ये उच्च माध्यमिकची ओळखच ‘सात हजार शब्द’ अशी झाली होती. प्रवेश परीक्षा घेणाऱ्या संस्थेची ती संदर्भसूची अलीकडे सुमारे सहा हजारांवर आणली गेली. हाँगकाँगमध्ये १९९८ च्या मातृभाषा धोरणानंतर केवळ ११४ शाळांना इंग्रजी माध्यम ठेवता आले आणि पुढे २०१० पासून ते नियम सैलावले. तेथील शालान्त परीक्षा २०१२ पासूनची. तिच्यात वाचन, लेखन, श्रवण व एकत्रित कौशल्ये आणि संभाषण अशा चार प्रश्नपत्रिका असतात, म्हणून गटचर्चेचा सरावही शाळेत होतो. वाचनाच्या प्रश्नपत्रिकेत पहिला भाग सक्तीचा असतो आणि पुढे सोपा किंवा कठीण यांपैकी एक भाग निवडायचा असतो. सोपा निवडला तर वाचनाची श्रेणी चौथ्या पातळीपलीकडे जात नाही. त्यामुळे कुणी कुठला भाग घ्यावा, याची खलबते परीक्षेच्या कितीतरी महिने आधीपासून वर्गात चाललेली असतात.