गाडीतला स्क्रीन आणि ड्रायव्हरची नजर

गाडी चालवताना ड्रायव्हरला जे काही बघावं, दाबावं, फिरवावं, ऐकावं लागतं, म्हणजे स्पीडोमीटर, एसीची बटणं, मधला टचस्क्रीन, सीटबेल्टची टिंगटिंग, त्या सगळ्याला मिळून गाडीचा इंटरफेस म्हणतात. मोबाइलचं ॲप बनवणाऱ्याला तुम्ही त्यात रमावं असं वाटत असतं, इथे बरोबर उलटं आहे, काम झालं की नजर लगेच रस्त्यावर परत गेली पाहिजे. लक्ष तीन प्रकारे उडतं, डोळ्यांचं, हाताचं आणि डोक्याचं, आणि टचस्क्रीन बहुतेक वेळा तिन्ही एकदम खातो.

हिशोब सेकंदांचा असतो. अमेरिकेच्या महामार्ग सुरक्षा खात्याने (एनएचटीएसए) २०१३ साली कंपन्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, सक्तीच्या नाहीत, पण आकडे तेव्हापासून सगळे वापरतात: एका वेळी नजर साधारण २ सेकंदांपेक्षा जास्त रस्त्यावरून हटू नये आणि एक काम एकूण १२ सेकंदांत उरकावं. आता पुणे एक्स्प्रेसवेवर १०० च्या स्पीडने जाताना २ सेकंद म्हणजे ५५ मीटर, तेवढ्यात पुढच्या ट्रकने लेन बदललेली असते. चाचणीची एक पद्धत गमतीची आहे, माणसाला असा चष्मा घालतात की तो दीड सेकंद उघडतो, दीड सेकंद बंद होतो, आणि अशा तुकड्यातुकड्यांच्या नजरेत मेन्यू चालवता येतो का ते बघतात.

टचस्क्रीन काही कालचा नाही, १९८६ च्या ब्यूक रिव्हिएरात होता. २००१ मध्ये बीएमडब्ल्यूने आयड्राइव्ह आणलं, एकच गोल नॉब आणि त्याच्या पोटात सगळे मेन्यू, लोकांनी तेव्हा भरपूर शिव्या घातल्या. खरी लाट आली २०१२ च्या टेस्ला मॉडेल एस नंतर, १७ इंची स्क्रीन आणि बटणं जवळजवळ गायब. कंपन्यांना ते सोयीचंच, दहा बटणं आणि त्यांचं वायरिंग करण्यापेक्षा एक काच स्वस्त पडते आणि नंतर अपडेटही देता येतो.

पण बटण हाताला सापडतं, काच सापडत नाही, सगळी गोम इथे आहे. पावसात खंडाळ्याचा घाट चढताना समोरच्या काचेवर आतून वाफ धरली की डीफॉगर आत्ता पाहिजे असतो. जुन्या गाडीत हात आपोआप नॉबवर जायचा, बोटाला खाच लागायची, कट् वाजलं की कळायचं झालं म्हणून. स्क्रीनवर आधी मॅप बाजूला करा, मग क्लायमेट उघडा, मग तो छोटा आयकॉन शोधा, तेवढ्यात खड्डा आला की बोट भलतीकडेच पडतं आणि गाणं बदलतं. (हे आमच्या गाडीत दर पावसाळ्यात होतं.)

स्वीडनच्या ‘वी बिलागारे’ या मासिकाने २०२२ मध्ये हे मोजूनच काढलं. धावपट्टीवर ताशी ११० किमीने चालवत चार साधी कामं करायची. २००५ च्या जुन्या व्होल्वो व्ही७० मध्ये ती १० सेकंदांत झाली, तेवढ्यात गाडी ३०६ मीटर गेली. सगळ्यात मागे पडलेल्या नव्या गाडीला जवळजवळ ४५ सेकंद लागले, म्हणजे १३७२ मीटर! आणि ड्रायव्हरना आधी गाडीची सवय करून घ्यायला वेळ दिला होता बरं का. जर्मनीत तर कार्ल्सरूहच्या कोर्टाने २०२० मध्ये टेस्लाच्या स्क्रीनवरून वायपरचा स्पीड बदलताना अपघात केलेल्या ड्रायव्हरची शिक्षा कायम ठेवली, दंड आणि महिनाभर गाडी चालवायला बंदी. आता गाड्यांच्या सुरक्षेला स्टार देणाऱ्या युरो एनकॅप या युरोपातल्या संस्थेच्या २०२६ च्या नियमांत इंडिकेटर, हझार्ड लाइट, वायपर, हॉर्न आणि एसओएस (संकटात मदत बोलावणारा कॉल) यांना खरी बटणं किंवा दांड्या असतील तरच पूर्ण मार्क मिळतात.

व्हॉइस कमांडने डोळे मोकळे राहतात, डोकं राहीलच असं नाही. युटा विद्यापीठाच्या २०१५ च्या अभ्यासात काही सिस्टीमशी बोलून झाल्यावरही लक्ष पूर्ण परत यायला २७ सेकंदांपर्यंत लागले होते. त्यात आपण नंबर सेव्ह करतो ‘काका पुणे नवीन’ असा, मग मशीन तीनदा विचारणारच.

आवाजाचंही तसंच. भारतात १ जुलै २०१९ पासून नव्या गाड्यांत ८० च्या पुढे थांबून थांबून आणि १२० च्या पुढे सलग बीप सक्तीची झाली, सीटबेल्टचीही. सतत वाजणाऱ्या गोष्टीचा माणूस काय करतो? कान बंद करतो नाहीतर जुगाड. बेल्ट न लावता बीप बंद करणाऱ्या क्लिपा इतक्या खपायला लागल्या की २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या.

मराठी स्क्रीनचा वेगळाच प्रश्न आहे. देवनागरीत वर वेलांटी-रफार, खाली उकार, त्यामुळे इंग्रजीच्या मापाच्या ओळीत अक्षर कोंबलं की सगळं चिकटतं आणि वाचायला जास्त वेळ जातो. शिवाय ‘डावीकडे’ आणि ‘उजवीकडे’ दोघांचा शेवट सारखाच, ओझरतं बघितलं तर गफलत होऊ शकते, म्हणून वळणाचा बाण मोठा ठेवायचा आणि शब्द त्याच्या खाली बारीक.