अकराच वर्षं का अन् डोंगरच का: इंटरनॅशनल समर कॅम्पच्या टाइमटेबलमागची पार्श्वभूमी

बहिणीची मुलगी जुलैमध्ये ऑस्ट्रियात डोंगरातल्या एका इंटरनॅशनल समर कॅम्पला चालली आहे. वय अकरा. आमच्या धरमपेठच्या घरात महिनाभर दुसरा विषय नाही. कॅम्पकडून दिवसाचं टाइमटेबल आलं ते बहिणीने फॅमिली ग्रुपवर टाकलं, की सकाळी सातला उठायचं, झेंड्याभोवती गोल करून गाणं, नाश्ता, सफाई, अ‍ॅक्टिव्हिटी, जेवण, मग तासभर गप्प पडून राहायचं, परत अ‍ॅक्टिव्हिटी, रात्री एकेका देशाचा कार्यक्रम अन् झोपताना लीडर लोक अंगाई म्हणणार. आईचं लक्ष बरोब्बर सफाईवर गेलं. "संडास पण घासायला लावतात का? एवढे पैसे भरून भांडी घासायला चालली का पोरगी?" भाऊजींचं वेगळंच, की अकराव्या वर्षी कशाला, बारावीनंतर पाठवू ना. मला या विषयाची जुनी खाज आहे, आठवीत असताना पचमढीला स्काउटच्या कॅम्पला गेलो होतो तेव्हापासूनची, म्हणून आधी ग्रुपवर लिहायला घेतलं, पण ते इतकं लांबलं की इथेच टाकून राहिलो आहे.

डोंगरापासून सुरू करू, कारण ते मुळात गंमत म्हणून नव्हतंच. १९ व्या शतकात युरोपातल्या गिरणीच्या शहरांमध्ये धूर, कोंदट खोल्या अन् टीबी, आणि टीबीवर औषध नाही, मग डॉक्टर लोकांचा सल्ला एकच, डोंगरावर जा, मोकळी हवा घ्या, दूध प्या. ज्यांच्याकडे पैसा ते दावोससारख्या ठिकाणी जाऊन राहायचे, गरिबांच्या पोरांना कोण नेणार? झुरिकमध्ये हर्मान वाल्टर बिओन नावाचे पाद्री होते, ते आधी आपेनत्सेलच्या डोंगराळ भागात ट्रोगेन गावी होते त्यामुळे तिथली हवा, तिथली शेतकरी घरं त्यांना माहीत. १८७६ च्या सुट्टीत त्यांनी झुरिकची ६८ गरीब मुलं-मुली गोळा केली आणि घेऊन गेले आपेनत्सेलला. याला त्यांच्याकडे नाव पडलं सुट्टीतली वसाहत. कल्पना भराभर पसरली, फ्रान्समध्ये १८८० च्या दशकात असे कॅम्प निघाले तिथे तर जाताना अन् येताना मुलांचं वजन करायचे, छाती मोजायचे, कारण देणगी देणाऱ्याला हिशोब दाखवायचा असतो. आमच्या आईने भाची परत आल्याबरोबर सगळ्यात आधी वजनकाट्यावर उभी करणार असं जाहीर केलं आहे, म्हणजे परंपरा चालू आहे म्हणायची.

आपल्याकडे डोंगराचं कारण वेगळं, ऊन. नागपूर मध्य प्रांताची राजधानी, अन् मे महिन्यात इथे ४५-४६ डिग्री म्हणजे साहेबाला कसं सोसणार, म्हणून सरकारी बिऱ्हाड उन्हाळ्यात पचमढीला. तिथला कॅप्टन फोर्सिथचा बायसन लॉज १८६२ चा आहे. वऱ्हाडातल्या साहेबांना चिखलदरा जवळ. लेकरांसाठी डोंगर हा विचार आपल्याकडे फार उशिरा आला, तोवर आपला उन्हाळा म्हणजे वाळ्याचे पडदे, कूलर, पन्हं अन् दुपारभर पत्ते. (आम्हा नागपूरकरांना घरचा डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स, तो चढायला दम लागत नाही, स्कूटर पुरते.)

आता सकाळी उठून झेंडा अन् बिगूल, हे कुठून आलं? हे सरळ सरळ फौजेतून. अमेरिकेत १८६१ साली यादवी युद्ध पेटलं होतं, पोरांच्या डोक्यात सैनिक व्हायचं वेड, तेव्हा कनेक्टिकटमधल्या फ्रेडरिक गन नावाच्या हेडमास्तरांनी शाळेच्या मुलांना चाळीसेक मैल चालवत समुद्रकाठी नेलं आणि तंबूत ठेवलं. अमेरिकेत समर कॅम्पची सुरुवात इथून धरतात. नंतर १९०७ च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडच्या ब्राउनसी बेटावर स्काउट चळवळ काढणाऱ्या बेडन-पॉवेलने वीसेक मुलं नेली. ते स्वतः लष्करी अधिकारी, पोरांना उठवायला आफ्रिकेतून आणलेलं कुडू हरणाचं शिंग फुंकायचे. पण त्यात एक गोष्ट फौजेसारखी नव्हती ती म्हणजे त्यांनी मुद्दाम मोठ्या घरच्या शाळांमधली पोरं अन् कामकरी घरची पोरं एकाच तंबूत घातली. इंग्लंडात त्या काळी हे म्हणजे फारच झालं. आणि तो दुपारचा गप्प पडून राहायचा तास? तोही ब्राउनसीच्या टाइमटेबलमध्ये होता, जेवणानंतर सक्तीची विश्रांती, हूं का चूं नाही. पचमढीला आम्हालाही होता, आम्ही सगळे सतरंजीवर डोळे मिटून पडायचो आणि पॅट्रोल लीडर डोळे उघडे ठेवून कोण हसतं ते बघायचा, हसला की संध्याकाळी पाण्याच्या बादल्या त्याच्याकडे. मी बादल्या पुष्कळ वाहिल्या. खरं म्हणजे तो तास पोरांसाठी कमी अन् मोठ्यांना श्वास घ्यायला जास्त असतो, हे मला लीडर झालेल्या लोकांकडून कळलं.

पचमढीला भारत स्काउट्स अँड गाइड्सचं राष्ट्रीय ट्रेनिंग सेंटर आहे, म्हणून विदर्भातल्या कितीतरी पोरांचा पहिला डोंगर तोच. स्काउटवाल्यांनी 'इंटरनॅशनल' हा शब्दही लवकर लावला, १९२० ला लंडनमध्ये पहिली जागतिक जांबोरी म्हणजे स्काउटांचा मोठा मेळावा झाला, १९२३ ला स्वित्झर्लंडच्या कांडरस्टेगला डोंगरात कायमचं केंद्र, आणि गाइड मुलींसाठी १९३२ मध्ये आडेलबोडेनला. गाइड्सचं असंच एक जागतिक केंद्र १९६६ पासून आपल्या पुण्यात आहे, संगम नावाचं.

आईच्या संडासवाल्या प्रश्नावर मला सगळ्यात जास्त लिहायचं आहे. १८८१ साली अर्नेस्ट बाल्च नावाचा कॉलेजचा पोरगा, त्याने बघितलं की श्रीमंत घरची मुलं उन्हाळाभर हॉटेलांमध्ये आईबापासोबत नुसती लोळून राहिली आहेत, नोकर समोर, काही हलवायला नको, तर त्याने न्यू हॅम्पशायरमध्ये डोंगरांच्या मधल्या स्क्वाम सरोवरातल्या एका बेटावर कॅम्प काढला, कॅम्प चोकोरुआ, आणि नियम एकच की इथे नोकर नाही. स्वयंपाक पोरांनी करायचा, भांडी पोरांनी घासायची, कपडे धुवायचे. म्हणजे सफाई हा कॅम्पवाल्यांचा पैसे वाचवायचा धंदा नाही (थोडा असेलही, मला शंका आहे), ते त्या कॅम्पचं मूळ कारणच होतं. आणि आई, हे तुला मी सांगायचं? तू स्वतः वर्ध्याची. सेवाग्रामला बापू १९३६ पासून राहिले, तिथे संडास सफाई हा आश्रमाच्या दिवसाचा भाग, कोणी पाहुणा आला तरी त्याच्या हातात झाडू. १९३७ ला वर्ध्यालाच शिक्षण परिषद झाली त्यातून नई तालीम निघाली, हाताने काम करत शिकणं. बाल्चला जे श्रीमंतांच्या पोरांसाठी सुचलं ते बापूंनी सगळ्यांनाच लावलं, आणि आपल्याकडे त्याच्या मागे जातीचा प्रश्न होता, तो बाल्चच्या डोक्यातही नसेल. आईने यावर नुसता अंगठा पाठवला. पण दुसऱ्या दिवशी भाचीला भांड्याला राख कशी लावायची ते दाखवून राहिली होती, ऑस्ट्रियात राख कुठून मिळणार ते सोडा.

आता भाऊजींचा मुद्दा, अकराच का. हे एका बाईमुळे. डॉरिस ट्विचेल अ‍ॅलन, अमेरिकेत सिनसिनाटीच्या मानसशास्त्रज्ञ. दुसरं महायुद्ध संपलं, १९४६ मध्ये एका मोठ्या शिक्षणतज्ज्ञांनी पेपरात लेख लिहिला की जगात शांतता हवी तर देशोदेशीच्या विद्वानांसाठी एक आंतरराष्ट्रीय संस्था काढा. अ‍ॅलनबाईंना ते पटलं नाही, त्यांचं म्हणणं सुरुवात पोरांपासून करा, मोठ्यांची मतं तोवर घट्ट झालेली असतात. मग कोणत्या वयाची पोरं? सात-आठची घर सोडून राहत नाहीत, रडून रडून जीव जातो. चौदा-पंधराची स्वतःच्याच गुंत्यात. अकराचं पोर आपल्या घरचं, देशाचं बऱ्यापैकी सांगू शकतं, आईशिवाय राहू शकतं, अन् अजून 'ते लोक तसलेच' म्हणायला पुरतं शिकलेलं नसतं. यातून १९५१ ला सिनसिनाटीजवळ पहिला कॅम्प भरला, नऊ देशांची मुलं, महायुद्ध संपून सहाच वर्षं झालेली. या संस्थेचं मूळ नाव चिल्ड्रन्स इंटरनॅशनल समर व्हिलेजेस, म्हणजे सीआयएसव्ही. कॅम्पला त्यांनी व्हिलेज म्हणजे गाव म्हटलं ते मला आवडतं. एका देशातून चार पोरं, दोन मुली दोन मुलगे, सोबत एक मोठा लीडर, शिवाय सोळा-सतरा वर्षांचे ज्युनिअर काउन्सलर, अन् मुक्काम चांगला चार आठवड्यांचा. भाचीचा कॅम्प याच साच्यातला आहे. चार आठवडे मला आधी जास्त वाटले होते, पण विचार केला तर बरोबर आहे, पहिल्या आठवड्यात पोरं पाहुण्यासारखी वागतात, खरी भांडणं दुसऱ्या आठवड्यात लागतात, अन् ती मिटायलाही दिवस लागतात ना बाप्पा.

भांडणावरून आठवलं, १९५४ मध्ये अमेरिकेतच ओक्लाहोमाच्या टेकड्यांमध्ये रॉबर्स केव्ह नावाच्या जागी मुझफ्फर शेरीफ या मूळच्या तुर्कस्तानच्या मानसशास्त्रज्ञाने समर कॅम्पच्या नावाखाली प्रयोग केला. बावीस मुलगे, वय परत अकराच्या आसपास. दोन टोळ्या केल्या, एक गरुड एक रॅटलस्नेक, आणि बक्षिसांच्या मॅचेस लावल्या. काही दिवसांत एकमेकांचे झेंडे जाळण्यापर्यंत मजल. मग नुसतं एकत्र जेवायला बसवलं तर अन्न फेकाफेकी झाली, फरक पडला तो वेगळ्याच गोष्टीने, पाण्याची लाइन बंद पडली म्हणून सगळ्यांनी मिळून शोधलं, अन् जेवण आणायचा ट्रक सुरू होईना तेव्हा ज्या दोराने रस्सीखेच खेळले होते त्याच दोराने दोन्ही टोळ्यांनी मिळून ट्रक ओढला. हे सगळं अर्थात मुद्दाम घडवलेलं, पोरांना पत्ता नाही, आज असं केलं तर पालक कोर्टात जातील आणि गेलेच पाहिजेत. त्याच्या आदल्या वर्षी केलेला असाच प्रयोग फसला होता कारण ती पोरं भांडायलाच तयार नव्हती, ते फार कोणी सांगत नाही! पण भाचीच्या टाइमटेबलमध्ये हरायच्या-जिंकायच्या मॅचेस जवळपास नाहीत, सगळं मिळून सोडवायचं, ते का हे या गोष्टीवरून कळतं.

लढाईतून उगवलेलं आणखी एक गाव म्हणजे तेच ट्रोगेन, बिओन पाद्रींचं. १९४६ ला तिथे वॉल्टर कोर्टी यांनी युद्धात अनाथ झालेल्या मुलांसाठी पेस्टालोत्सी बालग्राम उभं केलं, एकेका देशाच्या मुलांना एकेक घर. १९६० मध्ये तिथे तिबेटी निर्वासित मुलंही गेली. सोव्हिएतवाल्यांचं आर्तेक, क्रिमियात डोंगराच्या पायथ्याशी समुद्राला लागून, १९२५ ला निघालं तेही टीबीच्या मुलांसाठी, तंबूंमध्ये ८० पोरं. पुढे ते दाखवायचं ठिकाण झालं. अमेरिकेच्या समांथा स्मिथ या मुलीने सोव्हिएत नेते आंद्रोपोव्ह यांना पत्र लिहिलं, की तुम्ही युद्ध करणार आहात का, आणि त्यांनी बोलावलं म्हणून १९८३ च्या जुलैमध्ये ती आर्तेकला राहून आली. तेव्हा तिचं वय? नुकतीच अकरा झाली होती. भाऊजी, नोंद घ्या.

आणि हे सगळं फॉरेनचंच आहे असं नाही. पिएर सेरेसोल हे स्विस इंजिनिअर, त्यांनी १९२० ला फ्रान्समध्ये वेर्दूंजवळच्या, पहिल्या महायुद्धात उद्ध्वस्त झालेल्या गावात देशोदेशीच्या लोकांचा श्रमाचा कॅम्प लावला, कालचे शत्रू एकत्र घरं बांधून राहिले होते. तेच सेरेसोल १९३४ च्या भूकंपानंतर बिहारला येऊन राबले. त्यांच्या सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनलचे स्वयंसेवक १९५० च्या दशकात आपल्या वरोऱ्याला, बाबा आमट्यांच्या आनंदवनात येऊन बांधकाम करून गेले. म्हणजे धरमपेठेतून पोरगी आल्प्समध्ये जाते त्याच्या कितीतरी आधी गोरे लोक आपल्या चंद्रपूरच्या उन्हात गारा कालवत होते.

आता भाचीची तयारी. नॅशनल नाइटला, म्हणजे रात्रीच्या त्या आपल्या देशाच्या कार्यक्रमाला, लावणी की लेझीम यावर दोन आठवडे घातले, लेझीम ठरलं, पण विमानात चार लेझीम म्हणजे वजन, म्हणून दोनच. संत्रा बर्फी न्यायची होती, तर युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ चालत नाहीत म्हणून खव्याची बर्फी बाद, त्याऐवजी चिवडा. राहिला शाळेचा प्रश्न. तिकडे समर म्हणजे जुलै, आपली विदर्भातली शाळा उशिरा उघडते म्हटलं तरी जूनच्या शेवटी उघडतेच, आणि इकडे पाऊस लागला की 'समर कॅम्प' म्हणणं पण विचित्र वाटतं. महिन्याभराच्या रजेसाठी बहिणीने आधी दोन पानी अर्ज लिहिला होता, जागतिक शांतता वगैरे सगळं घालून, ऑफिसमधल्या मॅडमनी तो वाचून परत दिला की ताई, कारणात हे बसत नाही, आजारी किंवा घरचं कार्य, दोनच आहेत. शेवटी 'घरचं कार्य' लिहून दिलं. आता वर्गात सगळ्या मैत्रिणी विचारून राहिल्या आहेत, लग्न कोणाचं आहे.