साइनची सिद्धता तपासायला पाठवण्याआधी

आमच्याकडे तपासायला येणाऱ्या सिद्धतांपैकी साइन-कोसाइनच्या सर्वांत जास्त वेळा परत जातात, आणि कारण बहुतेकदा एकच असते. पहिल्या ओळीत व्याख्या नीट दिलेली असते: स″ = −स या अवकल समीकरणाचे, स(०) = ० आणि स′(०) = १ या अटी पाळणारे उत्तर म्हणजे साइन. तिसऱ्या ओळीत येते, ‘साइन पाय (π) शून्य असल्यामुळे...’ हे कुठून आले? शाळेतल्या वर्तुळातून.

ही व्याख्या घेतली की पाय आयता मिळत नाही, तो मिळवावा लागतो. साइनचा अवकलज (बदलाचा दर, म्हणजे स′) म्हणजे कोसाइन. समीकरणावरूनच त्याची घातश्रेणी निघते: १ − क्ष²/२! + क्ष⁴/४! − … यात क्ष = २ घाला. पहिल्या तीन पदांची बेरीज −१/३ होते. पुढची पदे आलटून-पालटून चिन्हांची, लहान होत जाणारी, आणि त्यांतले पहिले ऋण. म्हणून कोसाइन २ ऋणच राहतो. शून्यापाशी किंमत १, दोनपाशी ऋण, म्हणजे मध्ये कुठेतरी कोसाइन शून्य होतो. तसे पहिले ठिकाण १.५७०८ च्या आसपास आहे. त्याची दुप्पट म्हणजे पाय. एवढा परिच्छेद तुमच्या सिद्धतेत असला की आमची एक फेरी वाचते, तुमचेही दिवस वाचतात.

‘त्रिकोणाने भागत असताना हा खटाटोप कशाला?’ असे बरेच जण विचारतात. साइन क्ष भागिले क्ष याची शून्यापाशी सीमा १ आहे, हे आकृतीवरून दाखवताना वर्तुळपाकळीचे क्षेत्रफळ आधीच माहीत आहे असे धरावे लागते. इथे ती सीमा म्हणजे नुसता स′(०), तो व्याख्येतच आहे. साइन वर्ग अधिक कोसाइन वर्ग याचा अवकलज शून्य, क्ष = ० ला किंमत १, की ते सूत्रही झाले. आणि त्याच सूत्रामुळे वर्तुळ शेवटी परत हाती येते. १४व्या शतकात केरळमध्ये गणिती माधवांनी कोसाइनची हीच श्रेणी भूमितीतून काढली होती. त्या वाटेला आम्ही मुळीच कमी लेखत नाही. फक्त दोन वाटांची सरमिसळ नको.

श्रेणीत अंश घालू नका; क्ष = ३० म्हणजे ३० रेडियन.

सुरुवात समीकरणापासून आहे की श्रेणीपासून, ते पहिल्या पानावर लिहा. आम्ही दोन्ही तपासतो. पहिल्यांदा काम पाठवणाऱ्यांना व्याख्येपासून पायपर्यंतचा आमचा दोन पानी आराखडा सोबत मिळतो. तो समोर ठेवून लिहिलेली सिद्धता सहसा पहिल्याच खेपेला पार पडते.