निष्क्रिय खात्यांतील पैशाचा समाजोपयोगी विनियोग

वर्षानुवर्षे व्यवहार न झालेल्या बँक खात्यांतील रक्कम खातेदाराचा हक्क कायम ठेवून लोकोपयोगी कामांसाठी वापरण्याची पद्धत. अशी खाती साध्या कारणांनी पडून राहतात. माणूस गाव बदलतो, पत्ता कळवायचा राहून जातो, नाहीतर घरातल्या कर्त्या माणसाच्या मृत्यूनंतर पासबुक ट्रंकेच्या तळाशी, लग्नपत्रिका आणि जुन्या पावत्यांखाली सापडते. शिल्लक बहुधा किरकोळ असते, पण लाखो खात्यांची मिळून ती मोठी होते.

या पद्धतीचे सर्वांत विचारपूर्वक घडवलेले रूप ब्रिटनमध्ये दिसते. तिथल्या २००८ च्या कायद्यानुसार १५ वर्षे खातेदाराने कोणताही व्यवहार न केलेल्या खात्यातील शिल्लक बँक स्वेच्छेने रिक्लेम फंड या संस्थेकडे सोपवू शकते. ही संस्था २०११ पासून काम करते. पैसे परत करण्याची जबाबदारीही शिलकीबरोबर तिच्याकडे जाते. खातेदार किंवा त्याचा वारस कितीही वर्षांनी आला तरी तो आपल्या नेहमीच्या बँकेतच मागणी करतो आणि त्याला पूर्ण रक्कम मिळते. या हमीला मुदत नाही. योजनेचा नैतिक पायाच तो आहे, कारण हमी नसती तर ही सरळ जप्ती ठरली असती. म्हणूनच आलेल्या रकमेचा मोठा हिस्सा परतफेडीसाठी राखून उरलेलाच समाजकार्याला दिला जातो. २०२२ च्या कायद्याने विमा, निवृत्तिवेतन आणि गुंतवणुकीतील पडून राहिलेली रक्कमही या योजनेत आणली.

वाटपाच्या रकमेतील ८३.९ टक्के वाटा इंग्लंडला मिळतो. बाकीचा स्कॉटलंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंड यांना जातो. इंग्लंडमध्ये तो तरुणांचा रोजगार, कर्जाच्या विळख्यात सापडलेल्या कुटुंबांना परवडणारी पतसेवा आणि सामाजिक गुंतवणूक यांवर खर्च होतो. २०२२ नंतर यात वस्त्यांच्या सामुदायिक निधीची भर पडली. साधारण १०,००० पेक्षा कमी लोकसंख्येच्या मागास वस्त्यांना दीर्घ मुदतीसाठी पैसा द्यायचा आणि तो कशावर खर्च करायचा हे रहिवाशांनीच ठरवायचे, अशी ही कल्पना आहे.

मूळ कायद्यातील एक तरतूद मात्र फारशी चर्चेत येत नाही. ७ अब्ज पौंडांपेक्षा कमी मालमत्ता असलेली छोटी बँक किंवा बिल्डिंग सोसायटी (ठेवी घेणारी आणि गृहकर्ज देणारी, सभासदांच्या मालकीची संस्था) निष्क्रिय शिलकीचा काही भाग आपल्या शाखांच्या परिसरातील धर्मादाय संस्थांना देऊ शकते. ज्या गावातून ठेवी आल्या, त्याच गावाच्या कामी तो पैसा येतो. स्थानिक हिताचा इतका थेट विचार इतर तरतुदींत क्वचितच आढळतो.

आयर्लंडने असा कायदा २००१ मध्येच केला होता. जपानचा कायदा २०१६ चा असून तिथे मुदत १० वर्षांची आहे.

भारताने निराळी वाट धरली. दोन वर्षे व्यवहार नसला की खाते 'इनऑपरेटिव्ह' होते. १० वर्षांनंतर शिल्लक रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण आणि जागरूकता निधीत जाते. हा निधी २०१४ चा असून महाराष्ट्रातील नागरी सहकारी बँकाही त्याच्या कक्षेत येतात. फेब्रुवारी २०२३ पर्यंत एकट्या सार्वजनिक क्षेत्रातील बँकांनी सुमारे ३५,००० कोटी रुपये त्यात जमा केले होते. इथेही खातेदाराचा हक्क संपत नाही. मात्र निधीचा उद्देश ठेवीदारांचे हित आणि जागृती एवढाच आहे. तालुक्याच्या शाखेत पडून राहिलेला पैसा त्या तालुक्यातील शाळेला किंवा पाणीयोजनेला देण्याची सोय त्यात नाही, आणि ही उणीव मोठी आहे. लघुबचत आणि भविष्य निर्वाह निधीतील बेवारस रकमांसाठी २०१५ मध्ये ज्येष्ठ नागरिक कल्याण निधी स्थापन झाला. त्याचा हेतू सामाजिक असला तरी तोही केंद्रीय पातळीवरचाच.

ऑगस्ट २०२३ पासून 'उद्गम' या पोर्टलवर नाव टाकून अनेक बँकांतील अशा ठेवी एकाच ठिकाणी शोधता येतात. खाते सापडल्यावर शाखेत जाऊन केवायसीची कागदपत्रे द्यावी लागतात. खातेदार हयात नसल्यास मृत्यूचा दाखला आणि नॉमिनीचा ओळखपुरावा लागतो. नॉमिनी नोंदवलेला नसेल तर वारसाहक्काची कागदपत्रे जमवण्यात बराच काळ जातो.