पुरातत्त्व व प्राचीन इतिहास : विद्यापीठीय संशोधनक्षेत्रे

प्राचीन समाजांचा अभ्यास पुरातत्त्व भौतिक अवशेषांवरून करते, तर प्राचीन इतिहास मुख्यतः लिखित साधनांवरून. अनेक विद्यापीठांत दोन्ही विषय एकाच विभागात आहेत. प्रागितिहास, इजिप्त, मेसोपोटेमिया, ग्रीस-रोम अशी काळ-प्रदेशांनुसार केलेली जुनी वाटणी अजून टिकून आहे. पण संशोधकाची खरी ओळख तो कोणता पुरावा हाताळतो, यावरून होते.

लिखित पुराव्यात पुराभिलेखविद्या (कोरीव लेखांचा अभ्यास), नाणकशास्त्र (नाण्यांचा अभ्यास) व पपायरसविद्या (पपायरस या लव्हाळ्यापासून केलेल्या कागदावरील लेखांचा अभ्यास) ही क्षेत्रे मोडतात. ग्रेनफेल व हंट या इंग्रज अभ्यासकांनी १८९६-९७ पासून इजिप्तमधील ऑक्सिऱ्हिंकस या प्राचीन नगराच्या उकिरड्यांतून काढलेल्या पपायरसांचे वाचन अजून संपलेले नाही. त्यांत हरवलेल्या नाटकांचे तुकडे आहेत, तशाच कराच्या पावत्याही. सामाजिक इतिहासाला पावत्याच अधिक उपयोगी पडल्या.

उत्खननात स्तरक्रम (मातीचे थर एकावर एक साचल्याचा क्रम) व खापरांचे वर्गीकरण हा पाया. पुरावनस्पतिशास्त्राचे, म्हणजे प्राचीन वनस्पतींच्या अवशेषांच्या अभ्यासाचे, काम मात्र मातीपासूनच सुरू होते. स्तरातली माती पाण्यात ढवळली की जळून कोळसा झालेले दाणे वर तरंगतात. ते बारीक चाळणीत धरून, सुकवून सूक्ष्मदर्शकाखाली ओळखतात. यात एक गोम आहे. चुलीत सांडून करपलेला दाणा टिकतो, खाल्लेला टिकत नाही. त्यामुळे सापडलेल्या दाण्यांच्या प्रमाणावरून थेट आहाराचे प्रमाण काढता येत नाही.

प्रयोगशाळेतील क्षेत्रांत विलर्ड लिबी यांची सेंद्रिय अवशेषांचे वय काढणारी कार्बन-१४ पद्धत (१९४९) सर्वांत रुळलेली. तिची मर्यादा सुमारे ५०,००० वर्षे असून, मिळालेले वय वृक्षवलयांसारख्या नोंदींशी ताडून दुरुस्त करावे लागते. दातांचे एनॅमल बालपणी तयार होते व नंतर बदलत नाही. त्यातील स्ट्रॉन्शियम या मूलद्रव्यावरून, जे तिथल्या खडक-मातीतून अन्नपाण्यावाटे शरीरात येते, माणूस परमुलखात वाढला होता का, हे तपासता येते.

माती व मजकूर जुळत नाहीत, तिथे या विद्याशाखांचा खरा कस लागतो. इटलीतील व्हीसूव्हियस ज्वालामुखीचा इ. स. ७९ मधील उद्रेक धाकटा प्लिनी या रोमन लेखकाच्या पत्राच्या रूढ पाठानुसार २४ ऑगस्टला झाला. त्या उद्रेकात गाडल्या गेलेल्या पाँपेई शहरात मात्र शरद ऋतूतील फळांचे अवशेष मिळतात, आणि २०१८ मध्ये एका भिंतीवर कोळशाने लिहिलेली १७ ऑक्टोबरची नोंद उजेडात आली. कोळशाची अक्षरे लवकर पुसली जातात, म्हणून ती त्याच वर्षाची असावी, असा युक्तिवाद करतात. नोंदीत वर्ष नाही. त्यामुळे वाद मिटलेला नाही.