काठ सरकणारं तळं

घागरीत तांब्याभर पाणी ओतलं तर पातळी बोटभर चढेल, एवढंच. तेच पाणी परातीत ओता, थेट काठाकडे धावेल. आफ्रिकेतलं चाड सरोवर ही अशीच परात आहे. बहुतेक ठिकाणी खोली जेमतेम पुरुषभर. पाणी हातभर चढलं-उतरलं तरी काठ कित्येक किलोमीटर सरकतो.

गंमत म्हणजे हे पाणी तिथल्या पावसाचं नाहीच. त्यातलं सुमारे ९० टक्के शारी आणि लोगोन या नद्या दक्षिणेकडून आणतात. सपाट मुलखातून पूर रेंगाळत येतो, म्हणून सरोवर भरतं डिसेंबर-जानेवारीत, भोवताली सगळं कोरडं असताना. पाणी ओसरलं की ओल्या गाळात मका, चवळी पेरायची. भरलं की जाळं टाकायचं. फुगीर शिंगांच्या कुरी गाई तर चरायला या बेटावरून त्या बेटावर पोहत जातात.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सरोवर सुमारे २५,००० चौरस किलोमीटर पसरलेलं होतं. १९७० आणि १९८० च्या दशकांतल्या दुष्काळांनी ते दशांशावर आणलं. तेव्हाची उपग्रहचित्रं इतकी गाजली, की ‘तळं आटलं, पोरं बेकार झाली, बंदुका आल्या’ असं सोपं गणित रूढ झालं. मला ते पटत नाही. १९९० नंतर सरोवर बरंच सावरलं होतं. बोको हराम या जिहादी संघटनेचा उठाव झाला २००९ मध्ये, तोही नायजेरियातल्या मैदुगुरी शहरात, तळ्यापासून दूर. भूगोलाचा हात लागला तो नंतर, तिथून पळून आलेल्या बंडखोरांना लपायला जागा हवी होती तेव्हा.

चिखलात लष्करी गाड्या रुततात, होडीच्या पंख्यात गवत अडकतं. नायजेरिया, नायजर, चाड आणि कॅमेरून यांच्या हद्दी पाण्यातच भिडतात; एकीकडून फौज आली की होडी दुसऱ्या देशात. मार्च २०२० मध्ये सरोवरातल्या बोहोमा इथे बोको हरामच्या हल्ल्यात चाडचे सुमारे १०० सैनिक मारले गेले.

या चौघांचा पाण्यासाठीचा आयोग १९६४ पासूनचा. त्याच्याच आधाराने २०१५ मध्ये संयुक्त फौज नव्याने उभी राहिली, बेनिनही त्यात आला. सोबत काही भागांत मासेमारीवर, मोटरसायकलींवर बंदी आली. ही बंदी मात्र अंगाशी आली. कोळ्याचं पोट मारलं गेलं, आणि बेटांवरच्या टोळ्या पैसे घेऊन त्याला जाळं टाकू देऊ लागल्या.

मार्च २०२५ मध्ये नायजरने संयुक्त फौजेतून अंग काढून घेतलं. त्याच्याकडे आहे वायव्येचा काठ. पाणी कमी झालं की सरोवराचा उत्तरेकडचा भाग आधी कोरडा पडतो, आणि मग हद्द ओलांडायला होडीही लागत नाही.